कन्नडचा कायदा आणि मराठी वर्ग



कर्नाटक विधिमंडळाने २०१५ साली कन्नड भाषा अध्ययनाचा कायदा संमत केला. शाळा कोणत्याही माध्यमाची असो, पहिली ते दहावीच्या वर्गांत कन्नड ही प्रथम वा द्वितीय भाषा म्हणून टप्प्याटप्प्याने शिकवणे त्याने बंधनकारक केले. मग मराठी माध्यमाचे काय होणार, ही मराठी घरांतील शंका अद्याप विरलेली नाही.

या शंकेत विषय आणि माध्यम यांची गल्लत आहे. कायद्याने सक्तीचा केला तो कन्नड हा विषय. गणित कोणत्या भाषेतून शिकवावे, हे त्याने ठरवलेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेले कलम ३५०क भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्यास राज्यांना सांगते, आणि ते जागच्या जागी आहे. शिवाय महाराष्ट्रानेही २०२० मध्ये सर्व शाळांत मराठी सक्तीची केली. तिथे टाळ्या वाजवणाऱ्याने इथे कपाळाला आठी घालणे शोभत नाही.

खरी अडचण कायद्यात नाही, वर्गात आहे. ज्या मुलाच्या घरी कन्नड बोलले जात नाही, त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी अक्षरे गिरवायला ठेवली जातात. कान तयार होण्याआधी हात राबतो. कन्नडमध्ये ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्वही असतात आणि दीर्घही. मराठी कानाला हा भेद ठाऊकच नसतो. ‘कोडु’ मधला ओ आखूड उच्चारला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’! हे फळ्यावर लिहून कळत नाही, ऐकूनच कळते. देवनहळ्ळीच्या बाजारात पपनसाला चकोता म्हणतात, हे मूल एका फेरीत शिकते आणि विसरत नाही.

धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी; १९७३ चे ज्ञानपीठ त्यांना कन्नड काव्यासाठी मिळाले. एका भाषेने दुसरीची जागा घेतली नाही. मराठीतही ते लिहीत राहिले. अर्थात प्रत्येक मूल बेंद्रे होणार नाही, आणि परीक्षेतील गुणांची पालकांची चिंता खोटीही नाही.

हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थ्यांकडे म्हणूनच एक मागणे आहे. ज्यांना दोन्ही भाषा अवगत आहेत, त्यांनी आठवड्यातून एक तास पहिली-दुसरीच्या मुलांशी कन्नडमधून नुसत्या गप्पा माराव्यात. वही-पेन्सिल मात्र आणू नये.