पुढें चालूं

'पुढें चालूं' हे दोन शब्द वाचकाच्या जिवाला जितका घोर लावतात, तितका घोर लावणारे दुसरे शब्द छापखान्याच्या खिळ्यांत क्वचितच सांपडतील. प्रकरण ऐन रंगांत आलेलें असतें. नायिका दाराची कडी काढूं लागते. बाहेर कोण उभें आहे तें आतां कळणार, इतक्यांत पानाच्या तळाशीं हे दोन शब्द भेटतात. मग आठ दिवस, प्रसंगीं महिनाभर, आपण त्या दाराशीं ताटकळत उभे! क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबऱ्यांतील पात्रांवर वाचक कसा लोभ करतो, कथानकानें अवचित वळण घेतलें कीं लेखकावर कसा संतापतो, आणि त्या संतापाचें मोल काय समजावयाचें, याविषयीं आज चार शब्द बोलावयाचें योजिलें आहे.

हा विषय केवळ जुन्या काळचा आहे असें कोणी समजूं नये. छापील साप्ताहिकांतून कादंबरी मागें पडली खरी, परंतु ती मोबाईलवर येऊन बसली. बंगळूर येथें २०१४ सालीं सुरू झालेल्या 'प्रतिलिपि'सारख्या ठिकाणीं मराठींतूनही कथामालिका भागाभागांनीं निघतात. प्रत्येक भागाखालीं वाचक तारे देतात, आपलें मत लिहितात. आमच्या सूनबाई रात्रीं स्वयंपाकघर आवरलें कीं अशी एक मालिका वाचतात. एके रात्रीं नायकाच्या मोटारीला अपघात झाला आणि भाग संपला. सूनबाई बराच वेळ कोणाशीं बोलल्या नाहींत. नंतर त्यांनीं लिहिलें, "लेखिकाताई, त्याला कांहीं होऊं देऊं नका." तसेंच लिहिणारे त्यांच्या आधीं कितीतरी होते. दोन दिवसांनीं नायकानें रुग्णालयांत डोळे उघडले, त्याला साधा ओरखडाही राहिला नाहीं. सूनबाईंचें समाधान झालें. माझें झालें नाहीं. आणि कां झालें नाहीं तें सांगण्यासाठीं मला सव्वाशेंहून अधिक वर्षें मागें गेलें पाहिजे.

मराठी कादंबरी वाढली तीच मुळीं हप्त्याहप्त्यानें. हरि नारायण आपटे यांची 'मधली स्थिति' १८८५ सालीं 'पुणेवैभव' पत्रांतून येऊं लागली, तेव्हां त्यांचें वय अवघें एकवीस वर्षांचें होतें. पुढें १८९० सालीं त्यांनीं 'करमणूक' हें साप्ताहिक काढलें आणि 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी त्यांतून १८९३ पर्यंत चालली. यमू नांवाच्या एका ब्राह्मण मुलीनें स्वतःच सांगितलेली ही तिची जन्मकथा. माहेरचें बालपण, आईचा मृत्यू, सासरचा जाच, मग रघुनाथरावांबरोबर मुंबईचें तें थोड्या दिवसांचें सुखाचें बिऱ्हाड, तेथलें वाचन, मोकळ्या मनाच्या मित्रमंडळींचा सहवास. आणि त्यानंतर रघुनाथरावांचा अकालीं मृत्यू, शंकरमामंजींचें कारस्थान, बळजबरीनें झालेलें केशवपन, आणि यमूचा अंत.

ही कादंबरी आज आपण पुस्तकरूपानें आठ दिवसांत संपवितों. 'करमणुकी'च्या वाचकाला तिला तीन वर्षें लागलीं. या एका फरकांत पुष्कळ कांहीं आहे. तीन वर्षांत त्या वाचकाच्या स्वतःच्या घरांत एखादी मुलगी उजवली गेली असेल, एखादें बाळंतपण झालें असेल, एखादें माणूस गेलें असेल. त्या साऱ्या काळांत यमू दर आठवड्यास घरीं येत होती. अशी मुलगी पुस्तकांतली राहत नाहीं, शेजारची होते. पुस्तक वाचणारा पात्रास भेटतो. हप्ते वाचणारा त्याच्यासह राहतो. भागांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत लेखक कांहींच लिहीत नसतो, पण वाचक मनांत लिहीत असतो. आमच्या अहेरीस पूर्वीं पावसाळ्यांत नाले भरले कीं टपाल अडत असे, आणि मासिकाचे दोन दोन अंक एकदम हातीं पडत. मधल्या काळांत वाचनालयाच्या ओट्यावर त्या गोष्टीचे चार शेवट तयार झालेले असत, आणि छापील शेवट आमच्यापैकीं कोणाशींच न जुळला तर लेखकाची धडगत नसे!

मीं शाळेंत असतांना एके वर्षीं हा प्रयोग जाणूनबुजून केला. शनिवारीं सकाळची शाळा असे. शेवटच्या तासाला आठवीच्या वर्गापुढें यमूची गोष्ट थोडी थोडी वाचावयाची आणि घंटा झाली कीं पुस्तक मिटावयाचें, असा नेम ठेवला. पहिले कांहीं शनिवार वर्ग चुळबूळ करी. दिवाळीनंतर कोणी शनिवार चुकवीनासें झालें. रघुनाथराव गेले त्या शनिवारीं घंटा झाली तरी मुलें उठलीं नाहींत. एक मुलगी टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "गुरुजी, पुढचा भाग तुम्ही वेगळा वाचा."

श्रोतेहो, सूनबाईंनीं लेखिकाताईंना जें लिहिलें तेंच हें. मला या मागणीचें हसूं आलें नाहीं, आज तर मुळींच येत नाहीं. पण मीं पुस्तकांत होतें तेंच वाचलें. केशवपनाचें प्रकरण झालें तेव्हां दुसरी एक मुलगी उठून उभी राहिली. ही गोंड समाजांतली, एरवीं वर्गांत फारशी न बोलणारी. तिनें विचारलें, "गुरुजी, यमूनं दुसरं घर काहून नाही केलं जी?"

या प्रश्नांत भाबडेपणा नव्हता. तिच्या समाजांत विधवेनें पुन्हा संसार मांडणें ही चारचौघांसारखी गोष्ट आहे. त्यामुळें शंकरमामंजींचा दुष्टपणा तिला समजत होता, परंतु साऱ्या घरादारानें तो मुकाट्यानें होऊं द्यावा, हें तिला उमगेना. मागच्या बांकावरून कोणीतरी म्हणालें, "तिच्यात चालत नव्हतं." त्यावर तिचा दुसरा प्रश्न आला, "मंग हे कोनं ठरवलं जी?" पहिल्या मुलीला गोष्ट बदलून हवी होती, या मुलीला गोष्टीबाहेरचें कांहीं बदलावयाचें राहून गेलें होतें असें दिसत होतें. वाचकांच्या रागाचे हे दोन प्रकार तेव्हांपासून माझ्या मनांत वेगळे झाले आहेत.

आतां एक योग पाहा. ज्या १८९३ सालीं 'करमणुकीं'त यमूची कथा संपली, त्याच वर्षाच्या डिसेंबरांत लंडनच्या 'स्ट्रँड' मासिकांत शेरलॉक होम्स स्वित्झर्लंडमधील रायखेनबाखच्या धबधब्यांत पडून नाहींसा झाला. आर्थर कॉनन डॉयल यांना या गुप्तहेराचा कंटाळा आला होता; त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहावयाच्या होत्या. वाचक खवळले. एका बाईनें तर पत्राचा आरंभच शिवीनें केला, ही आठवण डॉयलसाहेबांनीं पुढें स्वतःच लिहून ठेविली आहे. १९०१ सालीं त्यांनीं होम्सच्या आधीच्या काळांतली एक गोष्ट आणून वाचकांची तात्पुरती समजूत घातली, आणि १९०३ मध्यें तो धबधब्यांत पडलाच नव्हता असें सांगून त्याला जिवंत परत आणलें. वाचकांनीं तें आनंदानें मान्य केलें. त्यांत कोणाचें कांहीं बिघडलेंही नाहीं, कारण होम्सला मारणारा डॉयलांवांचून दुसरा कोणी नव्हता. ज्यानें ढकललें त्यानेंच वर काढलें.

यमूचें तसें करतां येण्याजोगें नव्हतें. हरिभाऊंनीं शंकरमामंजींना अखेरच्या क्षणीं पश्चात्ताप पाववून न्हाव्याला दारांतून परत पाठविलें असतें, तर त्या आठवड्याचा अंक हातोहात गेला असता. पण 'करमणूक' ज्या घरांत जात होतें त्यांपैकीं पुष्कळ घरांत आलवण नेसलेली एखादी आत्या किंवा वहिनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत बसलेली असे. तिचे केंस कोणत्या हप्त्यांत परत येणार होते? यमूला लेखकानें मारलें नाहीं. ज्यांनीं तिच्यासाठीं डोळे पुसले, त्यांच्याच घरांतल्या रूढीनें मारलें. आणि कादंबरीचें नांवच मुळीं वाचकाला विचारलेला प्रश्न आहे.

त्याच सुमारास या प्रश्नाचीं उत्तरें कादंबरीबाहेर दिलीं जात होतीं. १८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिक मंडळींनीं विधवांचें मुंडण न करण्याचा निश्चय केला. ज्याच्या हातीं वस्तरा, त्यानेंच तो खालीं ठेवण्याची भाषा केली! १८९१ मध्यें संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, आणि त्यावरून पुण्यांत रणें माजलीं. मार्च १८९३ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. १८९६ सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. यांतलें कांहीं 'करमणूक' वाचून झालें असें मी म्हणत नाहीं; तसें म्हणणें खोटेपणाचें होईल. एवढेंच म्हणतों कीं यमू हप्त्याहप्त्यानें मरत असतांना तिला वांचविण्याचें काम छापखान्याबाहेर सुरू होतें, आणि तें करण्याजोगी जागा तीच होती.

म्हणून लेखकानें वाचकाचें कधींच ऐकूं नये असें नाहीं. इंग्लंडांत १८४१ सालीं डिकन्सला छोट्या नेलचे प्राण वांचविण्याविषयीं वाचकांचीं पत्रें आलीं; त्यानें तिला मरूं दिलें. परंतु वीस वर्षांनीं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट त्यानें बुल्वर-लिटन या मित्राच्या सांगण्यावरून छापण्यापूर्वीं बदलला, आणि कोणता शेवट बरा यावर जाणते अजून भांडतात. माझी कसोटी साधी, मास्तरकीची आहे. वळण आलें कीं मागचे भाग उलटून पाहावे. त्या वळणामुळें मागचें उजळत असेल, जें सहज वाटलें होतें तें आतां अर्थपूर्ण दिसत असेल, तर लेखकानें आपणांस रडविलें तरी फसविलें नाहीं. शंकरमामंजींचा स्वभाव आधींपासून उघडा आहे. त्यांचें कृत्य आभाळांतून पडत नाहीं. उलट, स्मृति गेलेला नायक, हुबेहूब जुळा भाऊ, ऐन लग्नांत उगवलेली पहिली बायको, हीं वळणें मागच्या भागांना विचारून आलेलीं नसतात. त्यांवर वाचक चिडला तर तो न्यायानेंच चिडला, आणि त्यानें तसें खुशाल लिहावें. आठवड्याच्या अंकाला पान भरून द्यावयाचें किंवा रोजचा भाग रात्रींतून उतरवावयाचा, या घाईंत अशीं वळणें सुचतात. हरिभाऊंच्याही 'गणपतराव', 'आजच' यांसारख्या कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. हप्त्याचा गाडा ओढणें सोपें नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे.

सूनबाईंच्या नायकाचा अपघात असाच फुकटचा होता. तो मागच्या भागांतून आला नव्हता, म्हणून पुढच्या भागांत पुसतां आला. मीं तसें बोलून दाखविलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मामंजी, दिवसभर खऱ्या गोष्टी बघतोच की आम्ही. रात्री तरी एखादा वाचू द्या." याला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें, आणि तें शोधण्याची मला घाईही नाहीं. 'मामंजी' हें संबोधन मात्र त्या दिवशीं कानाला जरा खटकलें.

तेव्हांपासून त्यांच्या मालिकेचे भाग मीही वाचूं लागलों आहें. हल्लीं तिच्यांत नायिकेची विधवा नणंद आली आहे. तिनें पुन्हा लग्न करावें कीं नाहीं यावर खालीं मतें पडत आहेत, आणि 'करूं नये' म्हणणारे थोडे नाहींत. त्यांतल्या दोघांना सूनबाईंनीं काल रात्रीं चांगलें सविस्तर उत्तर लिहिलें. लेखिकाताईंना मात्र या खेपेस त्यांनीं कांहींच लिहिलेलें नाहीं.