रुग्णालयाच्या नावाने येणारा दूरध्वनी
(रुग्णांचे नातेवाईक व कर्मचारी यांच्या सभेत प्रशासकांनी केलेले भाषण)



आजारपणाने घर आधीच हवालदिल झालेले असते. अशा वेळी डॉक्टरांचे नाव सांगून कोणी दूरध्वनी केला, तर माणूस शंका घेत नाही. सांगितले तसे करतो. ठकांचे भांडवल हेच आहे. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूचे सिलिंडर व रेमडेसिव्हिर मिळवून देतो म्हणून आगाऊ पैसे घेऊन अनेकांना फसविले गेले. लाट ओसरली; रीत मात्र राहिली.

तिचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, वेळ नोंदविण्याचा. इंटरनेटवर रुग्णालयाचा क्रमांक शोधताना ठकाने पेरलेला क्रमांक हाती लागतो. पलीकडून केवळ पाच-दहा रुपये मागितले जातात आणि व्हॉट्सअॅपवर 'एपीके' फाइल येते. ती मोबाइलमध्ये घेतली की ओटीपीसह सारे संदेश परक्याच्या हाती जाऊ शकतात. दुसरा, दाखल रुग्णाचा. "अतिदक्षता विभागातून बोलतो, इंजेक्शन तातडीने हवे, पैसे या क्रमांकावर पाठवा." तिसरा, सवलतीचा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालील योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखीव असतात. ही खाट मिळवून देण्यासाठी कोणी शुल्क मागितले, तर ती फसवणूकच समजावी.

उपाय साधा आहे. दूरध्वनी ठेवावा आणि केसपेपरवर छापलेल्या क्रमांकावर स्वतः विचारणा करावी, किंवा परिचारिकेला प्रत्यक्ष भेटावे. पैसे रोखपाल खिडकीवरच भरावेत व छापील पावती घ्यावी. "जादा भरलेली रक्कम परत करतो, पिन टाका," असे कोणी म्हटले, तर लक्षात घ्यावे की यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे.

तरीही फसगत झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करावी. रक्कम पुढे काढली जाण्यापूर्वी ती खात्यातच रोखता येते. म्हणून येथे मिनिटांना मोल आहे. ग्राहकाने स्वतः ओटीपी सांगितला असला, तरी बँकेस कळविल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे, असे सूत्र रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले.

आता दोन शब्द माझ्या सहकाऱ्यांसाठी. रुग्णाचे नाव, खाटेचा क्रमांक, नातेवाइकांचा मोबाइल ही माहिती म्हणजे आपल्याकडे विश्वासाने सोपविलेली ठेव आहे. रोख रकमेइतक्याच दक्षतेने ती सांभाळली पाहिजे. रद्दीत गेलेला केसपेपर किंवा दूरध्वनीवर सहज दिलेले उत्तर ठकाच्या उपयोगी पडते.

आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. रक्ताची गरज, शस्त्रक्रियेची संमती, प्रकृतीतील बदल यांसाठी आपल्यालाही मध्यरात्री घरी दूरध्वनी करावा लागतो. खोट्या आवाजांमुळे तो खरा आवाज अविश्वासात बुडाला, तर किंमत पैशांत मोजता येणार नाही. म्हणून दूरध्वनी करताना आपणच सांगावे, "खात्री करायची असल्यास केसपेपरवरील क्रमांकावर उलट फोन करा." आणि कोणी तशी खात्री केली, तर त्याचा राग मानू नये. तो आपल्या माणसाची काळजी घेत असतो. आपलेही काम तेच आहे.