तेलाचा शेवटचा हात



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर नाही तर कामगार कायद्यांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही ‘कातड्याची निगा’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्यांचा दोष नाही. चळवळीतल्या माणसाने चपलेला तेल कसे लावावे हे सांगायला व्यासपीठावर यावे, हे चमत्कारिक खरेच. परंतु शेवटपर्यंत ऐकाल तर आम्ही आमचा नेहमीचाच विषय बोललो, असे आपणही म्हणाल. रसायनशास्त्र आम्ही कॉलेजात शिकलेलो नाही. जे थोडे कळते ते कारागिरांजवळ बसून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून मिळवलेले आहे.

मराठीत ‘कमावणे’ हे एक मोठे अर्थपूर्ण क्रियापद आहे. माणूस पैसा कमावतो, तालमीत शरीर कमावतो, आणि कातडेही कमावतो. तिन्ही ठिकाणी वेळ आणि मेहनत घातल्यावाचून हाती काही लागत नाही, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते. जनावराच्या ओल्या कातड्यात वजनाने सुमारे दोन तृतीयांश पाणीच असते. ते तसेच ठेवले तर कुजते, नुसते वाळवले तर पत्र्यासारखे कडक होते. म्हणून ते आधी चुन्यात भिजवून त्याचे केस काढतात, मांस खरवडतात, चुना धुऊन टाकतात आणि मग बाभळीची साल व हिरडा यांच्या पाण्यात मुरत ठेवतात. खेड्यांतून कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगीत व तीत सालीचे पाणी भरीत. पाणी पाझरून खालच्या भांड्यात उतरे, ते पुन्हा वर ओतीत. ह्या सगळ्याला महिना-सव्वा महिना सहज लागे.

ह्या पाण्यात घडते काय? आपण हिरडा चघळला की तोंड आकसते. हिरड्यातला तुरट पदार्थ, ज्याला टॅनिन म्हणतात, आपल्या लाळेतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, म्हणून तसे वाटते. कातड्याचे तंतू हेही प्रथिनच. तुरट पदार्थ त्या तंतूंना धरून बसतो, आणि मग कुजवणाऱ्या जंतूंचे तिथे सहजासहजी काही चालत नाही. आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणाऱ्या तरवडाची सालही मद्रासकडे ह्याच कामी वापरीत आले.

पुढे क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत निघाली. अमेरिकेत शुल्ट्झ यांनी 1884 मध्ये तिचे पेटंट घेतले. आपल्या देशात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1903 च्या सुमारास मद्रासला तिचे प्रयोग केले, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर बूट नव्हते, विहिरीवरची मोट होती. सालीने कमावलेली मोट सतत पाण्यात राहून लवकर झिजे, क्रोमची अधिक टिके. क्रोममुळे महिन्याचे काम दिवसांवर आले, आणि आज जगातले बहुतांश चामडे त्याच रीतीने तयार होते. आम्ही त्या रीतीला नावे ठेवण्यास आलेलो नाही. पण सालीने कमावलेल्या कातड्याचा स्वभाव वेगळा आहे, आणि स्वभाव न ओळखता वागवले की माणूस बिघडतो तसे कातडेही बिघडते.

तो स्वभाव असा. ते पाणी पिते आणि पाणी सोडते. चुन्यात भिजवताना व खरवडताना त्याची मूळची चरबी बरीचशी निघून गेलेली असते. ती तेलाच्या रूपाने परत दिली नाही, तर तंतू एकमेकांवर कोरडे घासतात. न वंगवलेले यंत्र जसे झिजते, तसेच हे. जिथे वाकते तिथे आधी बारीक रेषा, मग चीर, मग तुकडा. त्यात आपल्या खामगावचा उन्हाळा! एप्रिल-मेमध्ये कातड्यातली उरलीसुरली ओल उडून जाते, आणि जूनमध्ये तेच तहानलेले कातडे पहिल्या पावसात घटाघटा पाणी पिते, फुगते, तळ सुटतो. मग आपण म्हणतो, हाताने केलेल्या वस्तू आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

आम्हीही असेच म्हणालो होतो. अनेक वर्षांपूर्वी एका परिषदेसाठी कोल्हापूरला गेलो असता तिथून चपलांचा एक चांगला जोड आणला. पावसात भिजला. घाईने वाळावा म्हणून रात्री चुलीजवळ ठेवला. सकाळी पाहतो तो तळवा आखडून होडीसारखा झालेला. बस स्थानकाजवळ एक म्हातारे चर्मकार बसत. त्यांच्यापुढे तो जोड ठेवला. त्यांनी बोटाने दाबून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, हे वाळवलं नाही तुम्ही, भाजलं. भाजलेलं पुन्हा कच्चं होते काय?” आम्ही तेल लावून पाहावे काय असे विचारले, तर म्हणाले, “आता तेलाचं नाव काढू नका. नवी घेतली का पहिले तिले तेल पाजा. उपाशी कातडं पाणी पेते, पोट भरलेलं पेत नाही.”

पुढे पुस्तकात वाचले, की सालीने कमावलेले कातडे ओले असताना साधारण 75 ते 85 अंश उष्णतेला आखडते व पुन्हा कधी मूळ रूपावर येत नाही. म्हाताऱ्याने अंश मोजले नव्हते, पण निकाल तोच दिला होता.

आता तेल कोणते? एरंडेल उत्तम, कारण ते हवेने सुकून घट्ट होत नाही. ते दाट असते, म्हणून कोमट करून लावावे. करंजाचे तेल कातड्याच्या कामी आपल्या देशात जुनेच आहे, वास तेवढा सोसावा लागतो. तिळाचे तेल पातळ हाताने चालते. खोबरेलही चालते, पण सुमारे 24 अंशांखाली ते थिजते, आणि थंडीत कातड्यावर पांढुरकी झाक दिसू शकते. ती बुरशी नव्हे, कापडाने पुसली की जाते. जवसाचे तेल मात्र लावू नये. ते हवेने सुकून कडक पापुद्रा धरते. रंगाऱ्याला हवा तो गुण चपलेला मारक ठरतो. तळणीचे उरलेले तेल तर मुळीच नको. ते चिकट होते आणि धूळ धरते.

रीत सोपी आहे. धूळ झटकावी. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने एकदा पुसावे आणि सावलीत ठेवावे. थोडी दमट ओल शिल्लक असतानाच तेल द्यावे, कारण पाणी बाहेर पडत जाते तसतसे तेल त्याच्या जागी आत शिरते. चिंधी तेलात भिजवून पिळावी आणि पातळ हात फिरवावा. कातड्याची आतली, मांसाकडची बाजू आणि कापलेल्या कडा सर्वांत अधिक पितात, तिकडे विशेष लक्ष द्यावे. रंग गडद होईल. तो पूर्ववत होणार नाही, ह्याची तयारी ठेवावी. एक दिवस थांबून दुसरा पातळ हात द्यावा. एकदाच ओतलेले तेल कातडे ढिले करते, आणि ढिला पट्टा पायाला धरत नाही.

तेलाने पोट भरले. आता अंगावर काही घालायचे काय? येथे फार घोटाळा होतो. कित्येक दुकानांत चपलेवर चकचकीत लेप फवारतात. शोभा येते. पण पाऊल दर पावलाला वाकते, आणि लेप तितका वाकत नाही. वाकणीवर तो तडकतो, त्या तडीतून पाणी आत जाते, आणि वर लेप असल्यामुळे बाहेर येण्यास वाट राहत नाही. शिवाय त्या लेपावरून पुढे तेलही आत जात नाही. म्हणजे कातड्याचे तोंडच बांधून टाकले. त्यापेक्षा मधमाशीचे मेण बरे. एक भाग मेण आणि तीन-चार भाग तेल घ्यावे. मेण सुमारे 62 ते 65 अंशांना वितळते, म्हणून भांडे गरम पाण्यात ठेवूनच ते पातळ करावे, आचेवर थेट ठेवू नये. थंड झाल्यावर हे मलम बोटाने चोळावे आणि कोरड्या कापडाने घासावे. पाण्याचा थेंब त्यावर काही काळ उभा राहतो, पण कातड्याचा श्वास कोंडत नाही. हे छत्रीसारखे संरक्षण आहे, डबक्यातून चालण्याचा परवाना नव्हे.

आणखी एक सूचना. ओले कातडे लोखंडावर ठेवू नका. काळे डाग पडतील. आपल्या आजोबांची शाई हिरडा आणि हिराकस ह्यांचीच होत असे. हिरडा कातड्यात आहेच, लोखंड आपण पुरवले की शाई तयार! भिजलेल्या चपलेत कागद कोंबावा, सावलीत वाऱ्यावर ठेवावी, आणि पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, नाही तर बुरशी धरते.

येथवर आम्ही चपलेचे बोललो. आता जिनाचे बोलतो. खामगाव ही कापसाची पेठ. जिनांतली जुनी यंत्रे वर फिरणाऱ्या दांड्यावरून पट्ट्यांनी चालत, आणि त्यांत सालीने कमावलेल्या कातड्याचे पट्टे असत. अशा पट्ट्याला वेळच्या वेळी एरंडेल व चरबी द्यावी लागे. ते काम एका तेलवाल्या कामगाराचे. तो दिवसभर काय करतो हे मालकाला कधीच दिसत नसे, कारण त्याचे काम नीट झाले तर काहीच घडत नसे. आमच्या चळवळीच्या आरंभीच्या काळात, एका जिनात, ज्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, खर्च कमी करायचा म्हणून पहिल्यांदा तो तेलवाला काढला. कोरडा पट्टा घसरू लागला. तेव्हा त्यावर राळेची पूड टाकायला सांगितले. राळेने तात्काळ पकड येते, म्हणून सगळे खूश. पण राळ पट्ट्याला कडक करते. महिन्या-दोन महिन्यांत पट्टा चालत्या यंत्रावर तुटला आणि त्याच्या फटक्याने एका बाईचा हात मोडला. चौकशीच्या कागदावर लिहिले होते, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

त्या कागदाविरुद्ध आम्ही भांडलो आणि त्या बाईंना नुकसानभरपाई मिळाली. तेलवाला मात्र परत आला नाही. त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की बसली, की जे काम दिसत नाही, त्याची मजुरी सर्वांत आधी कापली जाते.

कोल्हापुरी चपलेचेही तेच आहे. तिला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार, अशा आठ जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीने तशाच चपला मिरवल्या, तेव्हा कोल्हापूरचे नाव नव्हते. गदारोळ झाल्यावर कंपनीने उगम मान्य केला. आपल्याला अभिमान वाटला, राग आला, दोन्ही योग्यच होते. पण तळवा कापणारा पुरुष आणि वेणी विणणारी बाई जोडावर मजुरी घेतात. जोडाचा दर कमी पडला की घाई होते, आणि घाईत पहिल्यांदा काय गळते? तेलाचा शेवटचा हात. कारण तो दुकानात दिसत नाही. गिऱ्हाईक कोरडी चपल नेतो, ती पावसाळ्यात फुटते, तो कारागिराला दोष देतो आणि पुढच्या वेळी प्लॅस्टिकची घेतो. दर आणखी उतरतो.

शेतात राबणाऱ्या माणसाने स्वस्त प्लॅस्टिकची चपल घेतली, तर आम्ही त्याला एक शब्दही बोलणार नाही. चिखलात तीच बरी. आमचे म्हणणे आहे ते ज्यांना निवड करता येते त्यांच्यापाशी. ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हे कातडे कमावले, त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, आणि त्यांनी कमावलेल्या मोटेचे पाणी मात्र शेतात घेतले. गांधीजींच्या काळात वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर यांनी मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचे चर्मालय चालवले, ते ह्या कामाला प्रतिष्ठा यावी म्हणूनच. ती प्रतिष्ठा नुसत्या सत्काराने येत नाही. मजुरीच्या कागदावर त्या कामाचा रकाना असेल, तेव्हा ती येते.

म्हणून आमची मागणी लहान आहे. पुढच्या वेळी चपल घ्याल तेव्हा दुकानदाराला एवढेच विचारा, ‘हिला तेल दिले आहे काय?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदार व्यापाऱ्याला विचारील, व्यापारी कारागिराला विचारील, आणि कारागीर म्हणू शकेल, ‘देतो, पण त्या हाताचे पैसे पडतील.’ ते वाक्य म्हणण्याची सोय त्याला आज नाही. आपल्या एका प्रश्नाने ती होईल.

आणि घरी जी जुनी चपल कोपऱ्यात कोरडी पडली असेल, ती आज रात्री काढा. मृग जवळ आला आहे. वाटीभर एरंडेल कोमट करा, आणि चिंधीने पातळ हात फिरवा. ते काम किती वेळ घेते, हे स्वतःच्या हाताला कळेल. मग त्याची मजुरी किती असावी, हे आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.