प्रश्नावली घेऊन ओसरीवर

मानसशास्त्रात एम.ए. करणाऱ्या भालकी-बसवकल्याणकडच्या मुलामुलींशी आज थोडं बोलायचं आहे.

प्रबंधाची तारीख जवळ आली की एखादी इंग्रजी प्रश्नावली शोधायची, रातोरात तिचं मराठी करायचं आणि वर्गमित्रांकडूनच भरून घ्यायची, असं सर्रास चालतं. तक्ते छान होतात, कळत काहीच नाही.

आपल्याच कर्नाटकात याहून चांगला धडा आहे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली. नुसत्या भाषांतरावर ते थांबले नाहीत. कोणता प्रश्न कोणत्या वयाच्या मुलाला सुटतो, हे मुलांनाच विचारून पाहिलं. त्यांचं पुस्तक 1940 साली आलं. बिने-कामत कसोटी आजही वापरात आहे.

भालकीत तर घरी मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी. म्हणून कोणत्या भाषेत बोलू, हे आधी समोरच्यालाच विचारा. भाषांतर एकानं करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते उलटं इंग्रजीत आणावं. कुठं घसरलं ते लगेच दिसतं.

मग खरी परीक्षा ओसरीवर. सुनेला झोपेबद्दल विचारावं, तर उत्तर सासू देते. शेजारीणही येऊन बसते. अशा वेळी वही मिटावी, पाणी प्यावं, पुन्हा यावं. संमतिपत्रावर सही मागितली की बाई बिचकते. सही म्हणजे तिच्या लेखी कर्जाचा नाहीतर जमिनीचा कागद. म्हणून संमतिपत्र वाचून दाखवा. नको वाटलं तर मध्येच थांबता येतं, हेही सांगा. उत्तरांच्या कागदावर नाव नको, क्रमांक पुरे.

आता नोकरीचं. नुसत्या एम.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. पाटी लावण्याची घाई नको. शाळा, व्यसनमुक्ती केंद्रं, स्वयंसेवी संस्था इथं काम आहे, आणि तिथं चार ओळींचा स्वच्छ अहवाल लिहिता येणाऱ्याला मागणी असते.

शेवटी एक सूचना. मुलाखतीत कुणी जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर प्रश्नावली तिथंच बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका, मार्गदर्शकांना कळवा आणि टेली-मानस या मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक लावून द्या. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, आणि तिथं मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही.