न मानणाऱ्याची जागा

(वरोरा येथील तालुका साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



मी देव मानत नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढे कोणाची फसगत व्हायला नको. निमंत्रण घेऊन आलेल्या मंडळींपैकी एका ज्येष्ठ स्नेह्यांनी निघताना मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "सर, साहित्यावर बोला. देवाधर्माचं तेवढं राहू द्या." त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, त्यांना वाद नको होता. पण हे 'राहू द्या' मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. देव मानणारा माणूस आपली श्रद्धा गाडीच्या काचेवर लिहितो, दुकानाच्या पाटीवर लिहितो, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर छापतो, भोंग्यावरून गावाला ऐकवतो. त्याला कोणी राहू द्या म्हणत नाही. न मानणाऱ्याने एकदा तोंड उघडले की लगेच भावना दुखावतात. हा बरोबरीचा व्यवहार नाही, आणि मी तो मान्य करणार नाही.

माझा आरोप साधा आहे. या देशात नास्तिकाला कायद्याने जागा दिली आहे. समाजाने ती दिलेली नाही. आणि ती मिळवून देण्यात सगळ्यांत मोठी कुचराई कोणी केली असेल, तर ती आपण लिहिणाऱ्यांनी.

विदर्भाचेच उदाहरण घ्या. जानेवारी २०२१ मध्ये विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार कवी यशवंत मनोहरांना जाहीर झाला. समारंभाच्या मंचावर सरस्वतीची प्रतिमा असणार, हे कळल्यावर मनोहरांनी तो नाकारला. आयुष्यभर जे लिहिले त्याच्याशी हे जुळत नाही, एवढीच त्यांची भूमिका होती. संघाने परंपरेकडे बोट दाखवले. मग चर्चा कशाची झाली? म्हाताऱ्या कवीच्या हट्टाची. एका फोटोने काय बिघडते, असे किती लेखकांनी विचारले! मी त्यांना उलट विचारतो, फोटोने काहीच बिघडत नसेल, तर एका संध्याकाळपुरता तो आत ठेवल्याने तरी काय बिघडले असते? प्रतिमा आपल्या जागी राहिली, कवी बाहेर राहिला, आणि मराठी साहित्यिकांतल्या बहुतेकांना ते स्वाभाविक वाटले. माझी तक्रार त्या स्वाभाविक वाटण्याबद्दल आहे.

ज्यांना परंपरेचा एवढा अभिमान आहे त्यांनी घटना समितीच्या कामकाजाचे वृत्तांत काढून वाचावेत. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उपसूचना मांडली की राज्यघटनेच्या उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी. कामत आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी, आणि वरोरा तेव्हा त्याच प्रांतात होते. त्यांचा हेतू शुद्ध होता याबद्दल मला शंका नाही. सभागृहात विनवण्या झाल्या की हे मताला टाकू नका, देवाला मतदानात उभे करू नका. कामत हटले नाहीत. मतदान झाले. बाजूने ४१, विरोधात ६८. त्या ६८ जणांत श्रद्धावान माणसे भरपूर होती. तरीही 'आम्ही, भारताचे लोक' म्हणताना त्यात न मानणारा माणूसही बसला पाहिजे, हे त्यांनी आपल्या मताने ठरवून टाकले. आज आमदार, खासदार, मंत्री, राष्ट्रपतीसुद्धा ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतात किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतात. दोन्हींचे वजन सारखे.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी इंग्लंडात एका माणसाला सहा वर्षे झगडावे लागले. चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये नॉर्दम्प्टनमधून निवडून आला. शपथेवरून संसदेने त्याला बसू दिले नाही. तो पुन्हा पुन्हा निवडून येत राहिला, त्याला पुन्हा पुन्हा बाहेर ठेवले गेले, आणि १८८६ मध्ये कुठे त्याला जागा मिळाली. १८८९ मध्ये हाच ब्रॅडलॉ काँग्रेसच्या अधिवेशनासाठी मुंबईला आला, तेव्हा आपल्या लोकांनी त्याचे केवढे स्वागत केले! त्याच काळात पुण्यात आगरकर 'सुधारक' चालवत होते. त्यांची मात्र जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. परक्या नास्तिकाला हार आणि घरच्याला तिरडी, हा आपला जुना हिशेब आहे. भगतसिंगाच्या फोटोला आजही आपण हार घालतो, पण त्याने तुरुंगात बसून आपण नास्तिक का आहोत हे लिहिले, ते पोरांना सांगायची वेळ आली की पान उलटतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे म्हणालो, त्याचे दोन दाखले देतो. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडायला नकार दिला. त्यासाठी त्याची वेतनवाढ अडली. उच्च न्यायालयात जाऊन २०१३ मध्ये त्याने निकाल मिळवला, की हात जोडण्याची सक्ती करता येत नाही. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितले: कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकारने फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू नये. जाऊन बघा आपल्या किती कार्यालयांच्या खिडकीवर हा निकाल पोचला आहे. धर्माचा रकाना कोरा ठेवला तर अर्ज परत येतो आणि खिडकीमागचा माणूस म्हणतो, "काहीतरी लिहा ना साहेब, कॉम्प्युटर घेत नाही." २०११ च्या जनगणनेत सबंध देशात नास्तिक म्हणून नोंद झाली सुमारे ३३ हजार माणसांची. त्यातले साडेनऊ हजारांवर महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत आपण पुढे! फुले, आगरकर, र. धों. कर्वे, श्रीराम लागू, दाभोलकर यांच्या महाराष्ट्रात साडेनऊ हजार. बाकीचे गेले कुठे? ते घरात आहेत, गप्प आहेत.

ते का गप्प आहेत हे मला ठाऊक आहे. माझे वडील वारले तेव्हा मी मुंडण करणार नाही, पिंड ठेवणार नाही, तेरवी करणार नाही असे सांगितले. वडिलांशी हे आधी बोलणे झाले होते आणि त्यांची ना नव्हती. ओसरीवर भावकी बसली होती. मोठे काका म्हणाले, "तुले नाही मानाचं तं नको मानू बापा, पन त्यायच्या जिवाले तं वाटंले लाव." मी नाही म्हणालो. कोणी आरडाओरडा केला नाही. लोक एकेक करून उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता गेले. रात्री माय माझ्याजवळ येऊन बसली आणि एवढेच बोलली, "तुले काही होत नाही रे, लोक पोरीले बोलतीन." तसेच झाले. मी पुरुष, नोकरदार, मला कोण काय करणार? माझ्या बहिणीला सासरी पुढची कित्येक वर्षे प्रत्येक आजारपणात, प्रत्येक नापिकीत ऐकून घ्यावे लागले, की तुमच्या बापाची तेरवी झाली नाही. नास्तिकाची किंमत अशी वसूल होते. त्याच्याकडून घेता आली नाही तर त्याच्या घरच्या बाईकडून. आणि बाईच नास्तिक असली तर? कुंकू, मंगळसूत्र, वडाची पूजा, चैत्राचे हळदीकुंकू, यातल्या एकेका गोष्टीला नकार देताना तिला नवऱ्याच्या आयुष्यावर उठलेली म्हणतात. मराठीत हे कोणी लिहायचे?

आता सीमेपलीकडे बघा, कारण आपल्यापैकी काहींना वाटते की परदेशात हा प्रश्न मिटला आहे. अभिजित रॉय हा नास्तिक बंगाली लेखक अमेरिकेत इंजिनिअर होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये तो बायकोसह ढाक्याच्या पुस्तकमेळ्याला आला. मातृभाषेसाठी रक्त सांडलेल्यांच्या स्मरणार्थ भरणारा तो मेळा. तिथून बाहेर पडताना भर गर्दीत त्याला कोयत्यांनी तोडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचे प्रकाशक फैसल आरेफिन दीपन यांना त्यांच्याच कार्यालयात मारले. पाकिस्तानात मर्दानच्या विद्यापीठात एप्रिल २०१७ मध्ये मशाल खान या विद्यार्थ्याला धर्मनिंदेच्या अफवेवरून सहाध्यायांच्या जमावाने ठार केले. इंडोनेशियात अलेक्झांडर आन नावाच्या सरकारी कर्मचाऱ्याने फेसबुकवर देव नाही असे लिहिले आणि २०१२ मध्ये त्याला अडीच वर्षांची शिक्षा झाली. नायजेरियात धर्मनिंदेच्या आरोपावरून नास्तिक मुबारक बाला यांना २४ वर्षांची कैद सुनावली, ती पुढे कमी झाली एवढेच. सौदी अरेबियाने तर २०१४ मध्ये नास्तिक विचारालाच दहशतवादाच्या यादीत टाकले. आपल्या भागातली जी मुले तिकडे कामाला जातात, त्यांच्या व्हिसाच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. तिथे 'नाही' लिहायचा सल्ला त्यांना कोणी देणार नाही. मीही देणार नाही.

अमेरिकेत टेक्सास, टेनेसीसारख्या राज्यांच्या घटनांत, देव न मानणाऱ्याला सरकारी पद नाही अशी कलमे आजही छापलेली आहेत. १९६१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ती निर्जीव झाली, पण काढून टाकायची इच्छा कोणाला झालेली नाही. आणि तिथल्या आपल्या मराठी मुलांचे? महाराष्ट्र मंडळात जायचे तर गणपती आणि सत्यनारायण. मराठी बोलायला मिळावे म्हणून न मानणाराही तीर्थ घेतो. भाषा आणि देव यांची अशी मोट बांधलेली मला मंजूर नाही.

कोणी मला लगेच रशिया आणि अल्बानिया दाखवील. दाखवावाच. अल्बानियाने १९६७ मध्ये मशिदी, चर्चेस बंद केली, पाद्री-मौलवींना तुरुंगात टाकले आणि स्वतःला नास्तिक राष्ट्र म्हणवून घेतले. तो गुन्हाच होता. ज्या राज्यात आजीला जपमाळ लपवावी लागते ते राज्य मला माझे वाटत नाही. मी जे स्वातंत्र्य मागतो ते तिच्या माळेसकट मागतो.

आपल्या घरी या. १९२७ पासून आपल्या कायद्यात धार्मिक भावना दुखावण्याचे कलम आहे. २०१२ मध्ये मुंबईत इर्ल्याच्या चर्चमधल्या क्रूसातून पाणी ठिबकू लागले. लोक ते तीर्थ म्हणून नेऊ लागले. बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिले आणि हे भिंतीतून झिरपणारे सांडपाणी आहे असे सांगितले. त्यांच्यावर याच कलमाखाली तक्रारी झाल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावे लागले. पाणी कुठून येते हे सांगितल्याबद्दल! दाभोलकरांनी तर आयुष्यभर खबरदारी घेतली. स्वतः नास्तिक असून अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाधर्माच्या विरोधात नाही हे ते प्रत्येक सभेत सांगत. जादूटोणाविरोधी कायद्याच्या मसुद्यातून एकेक शब्द वगळत गेले. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घातल्या, आणि त्यानंतर चार दिवसांत त्या कायद्याचा वटहुकूम निघाला. पुढे पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश. मवाळ बोलल्याने नास्तिक वाचतो, हा भ्रम निदान आपण तरी बाळगू नये.

हा विषय पुण्या-मुंबईचा आहे, आमच्या जंगलपट्टीत त्याचे काय काम, असे कोणाच्या मनात असेल तर त्याने आठवावे. ऑगस्ट २०२१, आपलाच चंद्रपूर जिल्हा, जिवती तालुक्यातले वणी खुर्द. जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांसह सात जणांना बांधून गावासमोर मारहाण केली. मे २०२४, गडचिरोलीत एटापल्ली तालुक्यातले बारसेवाडा. एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोणा करतात म्हणून मारून जाळले. त्या चौकात त्या क्षणी एकच माणूस उपयोगाचा होता, जो उभा राहून म्हणाला असता की करणी, भानामती, मूठ असे काही नसतेच. बिचारीला सोडा, ती तसली नाही, एवढे म्हणणारे दयाळू लोक असतात, पण त्यांच्या दयेत 'तसली' कोणीतरी असते हे कबूल केलेले असते. पुढच्या वेळी ती दुसरी सापडते.

आणि नास्तिकाला नीती नसते म्हणणाऱ्यांनी इथून आनंदवनापर्यंत जाऊन यावे. बाबा आमटे नास्तिक होते असा दावा मी करणार नाही. १९९० मध्ये त्यांना मिळालेला टेम्पल्टन पुरस्कार तर धर्मक्षेत्रातल्या कामाचाच होता. पण त्यांनी केले काय ते पाहा. महारोग हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे सगळा समाज मानत होता. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सनने त्याचा जंतू शोधला होता, तरी आपल्या वेशीबाहेर पापच नांदत होते. बाबा कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिनच्या संस्थेत जाऊन शिकून आले, सुया टोचल्या, जमीन नांगरली, आणि पाप ही गोष्टच हिशेबातून काढून टाकली. शेवटी स्वतःचे दहनही त्यांनी नाकारले, याच मातीत पुरून घेतले. आणि चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी ज्यांना बौद्ध धम्माची दीक्षा दिली, ती माणसे आणि त्यांची लेकरे या जिल्ह्यात ईश्वरावाचून जन्म, लग्न, मरण सगळे पार पाडत आहेत. कोणाचे काय बुडाले? नास्तिकता बाहेरून आली म्हणणाऱ्यांना आपला शेजारी दिसत नाही.

आता मी अध्यक्ष म्हणून एक ठराव मांडतो. या संमेलनाच्या व्यासपीठावर यापुढे कोणत्याही धर्माच्या देवतेची प्रतिमा असणार नाही आणि पूजन होणार नाही. ज्यांना पूजा करायची त्यांनी घरून ती मनोभावे करून यावे, आणि संयोजकांनी तालुक्यातल्या प्रत्येक शाळेला २०१३ आणि २०१४ च्या त्या दोन निकालांची मराठी प्रत द्यावी. २०२७ च्या जनगणनेला गुरुजी दारात येतील तेव्हा मी धर्माच्या प्रश्नाला 'नाही' सांगणार आहे, आणि मी सांगितले तेच त्यांना लिहावे लागेल. ते माझे मी बघतो. ठराव मात्र सगळ्यांचा आहे. अनुमोदन असेल त्यांनी हात वर करावा. विरोध असेल त्यांनीही चहाच्या टेबलावर कुजबुजू नये, हा माईक चालू आहे, इथे येऊन बोलावे. मी खाली उतरून तुमच्यात बसतो आणि ऐकतो.