कलम आणि छिन्नी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आज मी कोरीव कामाच्या हत्यारांविषयी दोन शब्द सांगणार आहे. शिक्षकाने छिन्नी-हातोडीविषयी बोलावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु माझे बी.ए., बी.एड. पर्यंतचे शिक्षण छिन्नीच्याच मजुरीवर झाले. माझे अब्बा याच सोलापुरात एका दुकानापुढे बसून भांड्यांवर नावे घालीत.

ही हत्यारे मोजकीच असतात. लाकडासाठी सपाट पटाशी, गोल पटाशी आणि लाकडी हातोडी. लाकडाच्या तंतूंच्या उलट पटाशी चालवली तर ढलपी निघते व नक्षी बिघडते. धातूसाठी पोलादी छिन्नी आणि लहान हातोडी. छिन्नी फार उभी धरली तर रुतते, फार आडवी धरली तर घसरते. काम सुरू करण्यापूर्वी अब्बा छिन्नीला दगडावर धार लावीत. बोथट हत्याराला जोर लागतो, आणि जोर लावला की हात चुकतो.

बिदरचे कारागीर अशा छिन्नीला 'कलम' म्हणतात. जस्त आणि थोडे तांबे यांच्या मिश्रधातूचे भांडे ओतून, घासून, त्याला मोरचूद लावतात. त्या काळसर पृष्ठावर नक्षी आखून ती कलमाने कोरतात आणि खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटी बिदर किल्ल्यातील माती व नवसागर लावले की धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. या बिदरी कामाला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली.

माझ्या अब्बांना लिहिता-वाचता येत नव्हते. चिठ्ठीवरचे अक्षर पाहून ते हुबेहूब कोरीत. एकदा लग्नाच्या हंड्यासाठी आलेल्या चिठ्ठीत 'शबाना' ऐवजी 'शबना' लिहिलेले होते. अब्बांनी तसेच कोरले. पितळेवरचे अक्षर खोडता येत नाही. हंड्याची किंमत त्यांच्या मजुरीतून कापली गेली. त्यानंतर घरी कितीही अडचण आली तरी त्यांनी माझी शाळा एक दिवसही चुकू दिली नाही.

आणि मी काय केले? शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' असा लिहीत राहिलो. मला लाज वाटत असे.

पालकांनो, मुलाला हुन्नर जरूर शिकवा, पण त्यासाठी त्याची शाळा सोडवू नका. आता नावे घालण्याचे काम विजेच्या यंत्रावर होते. तरी यंत्र हाती धरणाऱ्याला अक्षर वाचता आलेच पाहिजे. विद्यार्थी मित्रांनो, फॉर्मवर वडिलांचा खरा व्यवसाय लिहा. तो रकाना आज मला पुन्हा भरावयास मिळाला, तर मी तेथे स्वच्छ अक्षरात 'कोरीव काम' असे लिहीन.