गालातली वीज

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला ‘आरोग्यावर दोन शब्द’ बोलायला सांगितलं. मी डॉक्टर नाही, आयुष्यभर बँकेत व्हाउचरं तपासली. पण एका दुखण्याचा हिशेब मला पक्का ठाऊक आहे. शिवाय एक जुनी बाकीही चुकती करायची आहे.

काहींना आठवत असेल, सात वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेत मी खजिनदार म्हणून हिशेब वाचत होतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर प्रश्न आला आणि मी उत्तर न देता कागद टेबलावर टाकून निघून गेलो. पुढे राजीनामाही दिला. ‘साहेबांना प्रश्न विचारलेला खपत नाही’, हे माझ्या कानावर आलं. खरं सांगतो, त्या क्षणी डाव्या गालात अशी कळ आली होती की तोंड उघडणंच शक्य नव्हतं.

ही कळ म्हणजे विजेचा झटका. काही सेकंदच टिकते, पण पुन्हा पुन्हा येते. चूळ भरली, दाढी केली, पंख्याचा वारा लागला की आलीच. भर मे महिन्यात मी मफलर गुंडाळून फिरायचो. दातांच्या डॉक्टरांनी एक दाढ काढली, मग शेजारची. दोन्ही चांगल्या होत्या. कळ जागेवरच.

शेवटी न्यूरॉलॉजिस्टनी नाव सांगितलं, ‘ट्रायजेमिनल न्यूराल्जिया’. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी नस मेंदूतून निघते तिथे बहुतेकदा एखादी रक्तवाहिनी तिला टेकते, नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही कळ बनून पोचतो. एमआरआयमध्ये माझी ती रक्तवाहिनी दिसली. कार्बामाझेपीनची गोळी सुरू झाली. ही मुळात फिटची गोळी, त्यामुळे केमिस्टने ‘काका, फिट कधीपासून?’ असं विचारलं. गुण आला, पण डोस वाढत गेला तशी चक्कर यायला लागली आणि सोडियम उतरलं. एकदा जिन्यात पडता पडता वाचलो, तळमजल्यावरच्या वहिनींनी धरलं.

पुढे दोन वाटा होत्या. एक, कानामागून कवटी उघडून नस आणि रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची गादी ठेवायची. आराम सहसा जास्त टिकतो, असं डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण मला हृदयात दोन स्टेंट, त्यात हे वय. सौ. रात्रभर जागी होती. आम्ही दुसरी वाट घेतली, गॅमा नाइफ.

नावात सुरी असली तरी कापाकापी नाही. स्वीडनच्या लार्स लेक्सेल या न्यूरोसर्जननी १९५१ साली ही कल्पना मांडली आणि १९६८ मध्ये पहिलं यंत्र चालू झालं. कोबाल्टचे सुमारे दोनशे बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येतात. एकेकटा किरण अगदी कमजोर, पण सगळे जिथे भेटतात त्या काही मिलिमीटरच्या ठिपक्यावर मोठा डोस जमतो. आपल्या पिग्मी ठेवीसारखंच म्हणा ना!

सकाळी कपाळाला आणि मागे इंजेक्शन देऊन चार स्क्रूंनी धातूची चौकट डोक्याला बसवली. सगळ्यात नकोसा भाग हाच. मग चौकटीसकट एमआरआय, डॉक्टरांची आखणी आणि तासाभराचं झोपून राहणं. किरण जाताना काहीच कळत नाही. दुसऱ्या दिवशी घरी आलो. ‘रेडिएशन’ शब्द ऐकून बिल्डिंगमध्ये कॅन्सरची बातमी पसरली होती, दोन घरांतून डबेही आले. डबे उत्तम होते, मी खुलासा जरा उशिराच केला.

पण कळ लगेच गेली नाही. लेक फोनवर विचारायची, ‘बाबा, पैसे वाया गेले का?’ परिणामाला काही आठवडे, कधी महिनेही लागतात, म्हणून गोळ्या चालूच होत्या. सहाव्या आठवड्यात एका सकाळी दाढी पूर्ण झाली आणि मग लक्षात आलं की कळ आलीच नाही. गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू उतरवल्या.

फुकट काही मिळत नाही. डाव्या ओठाला बधिरपणा राहिला आहे. चहा हनुवटीवर ओघळतो, सौ. न बोलता रुमाल पुढे करते. काहींना दुखणं परत येतं. मला आलं तर पुन्हा बघू.

कोणाला अशी कळ येत असेल तर दाढ काढण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. माझी फाइल आणि फिल्म घरी आहे, संध्याकाळी सहानंतर या. आणि वॉटरप्रूफिंगचा तो प्रश्न ज्यांनी विचारला होता, त्यांनीही या. बिलं अजून माझ्या कपाटात आहेत.